जुनी कॅम्पर व्हॅन दोघांनी मिळून उभी करायची असेल तर

सगळ्यात आधी पडद्यांचं कापड बघणं बंद करा. गाद्या, दिव्यांच्या माळा, लाकडी कपाटांचे फोटो, सगळं बाजूला ठेवा. जुनी कॅम्पर व्हॅन ही आधी जुनी गाडी असते, घर त्यानंतर. जी जोडपी घरापासून सुरुवात करतात त्यांना पुढे तीच कपाटं उचकटून मागचा पत्रा बदलावा लागतो. क्रम ठरलेला आहे: पत्रा, ब्रेक, इंधन, मग वायरिंग, मग लाकूडकाम आणि कापड अगदी शेवटी. या क्रमावरून आमच्याकडे भरपूर वादावादी झाली. नवऱ्याला रंग आधी मारायचा होता. रंग मारला की गाडी झाली असं वाटायला लागतं, आणि नेमकं म्हणूनच तो आधी मारायचा नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. 'दोघांनी मिळून' म्हणजे दोघांनी सगळंच करायचं असं लोक धरून चालतात. तसं केलंत तर एका स्क्रूवर दोन मतं आणि चार तास. त्यापेक्षा खातेवाटप करा. आमच्यात पत्रा, वेल्डिंग आणि इंजिन त्याच्याकडे; काचा, वायरिंग, पाणी आणि गॅस माझ्याकडे. ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्याने हरकत घ्यावी, पण एकदाच घ्यावी, कारणासकट घ्यावी आणि मग निमूटपणे पाना धरायला यावं. ब्रेक आणि गॅस मात्र याला अपवाद. तिथे एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय ते झालं असं म्हणायचं नाही, मग करणारा कितीही तरबेज असो.

गाडी बघायला जाताना

बरोबर काय न्यायचं? चांगला टॉर्च, छोटं लोहचुंबक, टोच्या आणि जमिनीवर पसरायला जुनी चादर. एकाने मालकाशी गप्पा मारायच्या, दुसऱ्याने गाडीखाली जायचं. हे उगाच म्हणत नाही. मालक सोबत असला की माणूस संकोचतो आणि नीट टोचून बघत नाही. मालकाला विचारून घ्या, आणि मग टोचा.

चाकांच्या वरची कमान, दरवाज्याखालचे उंबरठे, जॅक लावायच्या जागा, बॅटरी ठेवायचा ट्रे, छताची पन्हळ आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड, गंज बहुतेक या ठिकाणी असतो. रंग फुगलेला दिसला तर आतला पत्रा गेलेला असतो असं समजून चाला. चुंबक कमानीवरून हळूहळू फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी) आहे. थोडी लांबी चालते. वीतभर रुंदीची लांबी म्हणजे कुणीतरी भोक झाकून रंग मारलाय.

इंजिन सुरू करायच्या आधी त्याला हात लावून बघा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी ते चालवून घेतलंय, आणि थंड इंजिन कसं सुरू होतं हे तुम्हाला कळणारच नाही. अशा वेळी गप्पा वाढवा आणि ते निवेपर्यंत थांबा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात: ३११६ म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. खोबणी कितीही खोल दिसली तरी तो फेकायचाच. चेसिस नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. आसनं काढणं, पलंग बसवणं, गॅस जोडणं यांबद्दलचे नियम गाडी जिथे नोंदवायची तिथले असतात, ते विकत घेण्याआधी वाचा. नंतर वाचले की फक्त मनस्ताप होतो.

गाडी कुठली घ्यावी हे मी सांगणार नाही, पण सुटे भाग मिळतात का हे आधी बघा. फोक्सवॅगनची टाइप २ इतकी का दिसते याचं एक कारण तिचा देखणेपणा, आणि दुसरं, जास्त कामाचं कारण म्हणजे तिचे भाग अजून बनतात. १९५० साली ती बाजारात आली आणि ब्राझीलमध्ये तिची एक आवृत्ती थेट २०१३ पर्यंत तयार होत होती. या उलट एखादी दुर्मीळ गाडी स्वस्तात मिळते आणि मग तिच्या एका दिव्याच्या काचेसाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. आमची दुर्मीळही नाही आणि देखणीही नाही. चौकोनी आहे. चौकोनी गाडीत कपाटं बसवायला सोपी जातात, हा विचार त्या वेळी फक्त मी केला होता, एवढं इथे नोंदवून ठेवते.

निर्णय तिथे उभ्या उभ्या घेऊ नका. घरी या, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गाडीतल्या उणिवा लिहा आणि मग कागद समोरासमोर ठेवा. एकाच्या यादीत नसलेली गोष्ट दुसऱ्याच्या यादीत हमखास सापडते.

उचकटणं

हा टप्पा सगळ्यांना आवडतो, कारण यात प्रगती डोळ्यांना दिसते. म्हणूनच इथे घाई होते. प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटो, काढताना फोटो, आणि तिचे स्क्रू, वायसर, क्लिपा एका पिशवीत. पिशवीवर कुठून काढलं ते लिहायचंच, शिवाय कुठल्या क्रमाने काढलं तेही लिहायचं. "डावा सरकता दरवाजा, वरची पट्टी, आधी ही मग हँडल" असं. काढणाऱ्याने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. एकटा माणूस हे करूच शकत नाही, हात काळे असतात.

काहीही टाकून देऊ नका. कुजलेलं प्लाय आणि तडकलेली पट्टीसुद्धा ठेवा, त्यावरून नवीन कापायचं असतं. जुनं कपाट बाहेर काढलं की ते मोडून ढिगात टाकण्याआधी त्याची रेघ पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. व्हॅनच्या भिंती सरळ नसतात, आणि ती वक्ररेषा तुम्हाला फुकटात दुसऱ्यांदा मिळणार नाही.

पत्रा

टोच्याने टोचून जिथे तो आत जातो तिथे खडूने गोल करा. मग ग्राइंडरने रंग आणि सैल गंज काढा, आणि चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जा. भोक नेहमी खडूच्या गोलापेक्षा मोठं निघतं. याबद्दल आश्चर्य वाटून घेऊ नका आणि जोडीदाराला दोषही देऊ नका.

वरवरचा गंज असेल तर तो घासून त्यावर गंज बदलणारं रसायन लावता येतं. फॉस्फरिक ॲसिडचं असेल तर गंजाचं लोहफॉस्फेट होतं, टॅनिक ॲसिडचं असेल तर पृष्ठभाग काळानिळा पडतो. दोन्ही चालतात, पण फक्त पातळ थरावर. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर कुठलंही रसायन लावून उपयोग नाही. तो कापायचाच आणि थिगळ लावायचं.

व्हॅनचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, बऱ्याच ठिकाणी त्याहून पातळ. सलग वेल्डिंग ओढलंत तर तो तापून वाकतो आणि लाटा दिसतात. म्हणून ठिपका इथे, पुढचा ठिपका दुसऱ्या टोकाला, मधे गार होऊ द्यायचं, असं ठिपक्या-ठिपक्याने जोडायचं. वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण तार काढा, नाहीतर अल्टरनेटरची वाट लागू शकते. आणि दुसऱ्या माणसाचं काम काय? पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला बसायचं. वेल्डिंग करणाऱ्याला काळ्या काचेतून फक्त ठिणगी दिसते. आतल्या बाजूला जुनं नमदं किंवा वायरीचं वेष्टण धुमसतंय हे त्याला दिसतच नाही. काम थांबल्यावरही बराच वेळ तिथून हलायचं नाही. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे.

वेल्डिंग झालं की उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी लावायची असेल ती प्रायमरवर, पातळ, आणि ती उघडी ठेवायची नाही. ती ओल शोषते. गंजावर थेट लांबी लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. सांध्यांवर सीलंट, मग रंग, आणि रंग वाळल्यावर पोकळ भागांत मेणाचा फवारा. मेण पेटतं, त्यामुळे वेल्डिंग पूर्ण संपल्याशिवाय ते मारायचं नाही. उंबरठ्यांच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. मेणाने ती बुजली तर तुम्ही गंजासाठी नवी टाकी तयार केलीत. तारेने मोकळी करा.

सुरक्षेबद्दल एकच परिच्छेद लिहिते, पण तो वगळू नका. जुन्या ब्रेक पॅडमध्ये आणि लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या रंगात शिसं. धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि मास्क लावायचा. हार्डनर घालून मारायच्या दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट असतात; त्यासाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तो नसेल तर फवारणी ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांच्याकडून करून घ्या. आणि गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर कधीही जायचं नाही, घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायच्या. घरात दुसरं कुणी नसताना तर घोड्या लावूनही जायचं नाही.

पुढची काच: इथे खरोखर दोघं लागतात

रबरात बसवलेली काच बदलणं हे काम मी सगळ्यात जास्त तपशिलात सांगणार आहे, कारण ते खूप अवघड आहे असं लोकांना वाटतं आणि ते फक्त विचित्र आहे.

जुनं रबर बाहेरून ब्लेडने कापून काढा. कितीही चांगलं दिसत असलं तरी ते परत वापरू नका. काच उचला, गादीवर ठेवा. आता चौकटीची कड बघा. इथे गंज निघतोच. तो संपवा, प्रायमर आणि रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. घाईने ओल्या रंगावर रबर बसवलं तर रंग रबराला चिकटून निघतो.

नवीन रबर आधी काचेवर चढवायचं. त्याचा जोड खाली मध्यभागी येऊ द्या. आता रबराच्या दुसऱ्या खाचेत, म्हणजे जी चौकटीवर बसणार त्या खाचेत, गुळगुळीत दोरी पूर्ण गोलाकार भरायची. दोरी चार-पाच मिलिमीटर जाडीची, आणि तिची दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून वीतभर जाऊन आत, गाडीच्या बाजूला लोंबती राहिली पाहिजेत. खाच आणि चौकट दोन्हींना साबणाचं पाणी भरपूर लावा. तेल किंवा ग्रीस नको, ते रबर खातं.

एकजण बाहेर, एकजण आत. बाहेरच्याने काच चौकटीवर मधोमध टेकवायची आणि तळहातांनी दाबून धरायची. आतल्याने दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे ओढायला सुरुवात करायची. दोरी बाहेर येते तसा रबराचा ओठ चौकटीच्या कडेवरून आत उलटतो. तो उलटताना ओलसर 'पच्' असा आवाज येतो, आणि तो आला की तेवढी वीत बसली. आतला जिथे ओढतोय, बाहेरच्याने नेमकं तिथेच तळहाताने थापट्या मारत दाबायचं. म्हणजे दोघांचे हात काचेच्या दोन बाजूंनी एकाच ठिकाणी असायला हवेत आणि एकाच वेगाने सरकायला हवेत. आतला पुढे गेला की रबर फाटतं. बाहेरचा पुढे गेला की काच तिरकी बसते.

काचेतून तोंड दिसतं पण ऐकू नीट येत नाही, हा यातला खरा त्रास. आम्ही बोलणं सोडून दिलं. आतल्याने काचेवर बोटाने टकटक केली की बाहेरच्याचा हात तिथे. तळहात पसरून काचेला लावला की थांबा. कोपऱ्यात नेहमी अडतं. तिथे जोर लावू नका, साबणाचं पाणी पुन्हा लावा आणि दोरी वीतभरच ओढा. आत कोणी बसायचं? ज्याला लवकर राग येत नाही त्याने.

ब्रेक

रबरी नळ्या, चाकातले सिलिंडर, मास्टर सिलिंडर, गंजलेल्या लोखंडी नळ्या, जे जुनं आहे ते बदला. इथे "अजून चालेल" असं म्हणायची मुभा कुणालाच नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर त्याची हमी १५५ अंशांचीच असते. उतारावर भरलेली व्हॅन थांबवताना हा फरक पेडलखाली जाणवतो: ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बुडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. सिलिकोनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

हवा काढायला दोघं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरू करा, पण गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. एक पेडलवर, एक चाकापाशी. चाकापाशी बसलेल्याने निपलवर, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर, पारदर्शक नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. मग शब्द फक्त तीन: "दाब", "धर", "सोड".

"दाब" म्हटल्यावर पेडलवरचा हळूच दाबतो आणि दाबलं की "दाबलं" म्हणतो. चाकावरचा "धर" म्हणून निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. पेडल तळाला पोचायच्या आत निपल बंद, आणि बंद झाल्यावरच "सोड". हा क्रम उलटला, म्हणजे निपल उघडी असताना पाय उचलला, की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. मधेच दुसरं काही बोलायचं नाही. "हो", "बरं", "थांब जरा" यांपैकी प्रत्येक शब्दाचा अर्थ पेडलवरच्या माणसाला "सोड" असाच ऐकू येतो. वरच्या टाकीतलं ऑइल दर काही वेळाने बघत राहा, ती रिकामी झाली तरी हवा शिरते. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग उचलतं.

सगळी चाकं झाल्यावर जागा बदला. जो चाकापाशी होता त्याने पेडल दाबून बघायचं. ते घट्ट लागलं पाहिजे आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाता कामा नये.

इंधन

थोडक्यात: सगळ्या रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा बदला, एकही सोडू नका. जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मानवत नाही, ते आतून तडकतं. ज्या गाड्यांचं इंजिन मागे असतं त्यांच्यात गळती तापलेल्या इंजिनावर होते आणि चालवणाऱ्याला ती सगळ्यात उशिरा कळते. अग्निशामक दरवाज्यापाशी लावा, इंजिनापाशी नाही. आग लागेल तिथे जाऊन तो काढायची वेळ येऊ नये.

वीज

माझं आवडतं खातं, त्यामुळे इथे मी जरा जास्त लिहिणार.

गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी आणि घराची बॅटरी वेगळी. रात्री दिवे जळत राहिले तरी सकाळी इंजिन सुरू झालं पाहिजे, एवढाच हेतू. दोन्हींच्या मधे इंजिन चालू असतानाच जोडणारा रिले बसवतात. घराची बॅटरी लिथियमची असेल तर नुसता रिले नको, डीसी-टू-डीसी चार्जर बसवा.

बॅटरी किती मोठी हवी हे अंदाजाने ठरवू नका, हिशोब करा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज चालू असताना साधारण ४५-५० वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ४ अँपिअर. तो दिवसाचा तिसरा हिस्सा चालतो असं धरा: ८ तास, ३२ अँपिअर-तास. दिवे, पंखा, पंप, फोन यांचे मिळून आणखी दहा-बारा. झाले ४०-४५. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली नेली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतले ५० तुमचे. एक दिवस निघतो, दुसऱ्या दिवशी चार्ज मिळायलाच हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटमधली ८०-९० टक्के वापरता येते आणि वजन कमी, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. थंडीत जाणार असाल तर हे आधी बघा.

लेड-ॲसिड किती भरलीये हे मीटरने कळतं. तासभर काही न वापरता ठेवली तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे अर्धी. हे आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे फ्रिज बंद करायचा की नाही यावर वाद होत नाही.

१२ व्होल्टमध्ये वायर जाड लागते. तेवढ्याच वॅटसाठी घरच्या २३० व्होल्टच्या मानाने जवळजवळ वीसपट करंट जातो. बारीक वायर तापते आणि तिच्या लांबीत व्होल्ट हरवतात. मग शेवटचा दिवा मंद आणि फ्रिज कुरकुरत बंद. घराच्या बॅटरीच्या धन टोकापासून जितकं जवळ शक्य तितकं जवळ मुख्य फ्यूज लावा. फ्यूज वायरीला वाचवतो, उपकरणाला नाही, त्यामुळे त्याचा आकडा वायर सोसेल त्याहून मोठा नको. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच हवंच. गाडी हादरते, पत्र्याची कड वायर कापते.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहा. लाकूडकाम सुरू व्हायच्या आधी सगळं जोडून दिवसभर चालवून बघा. कपाटामागे गेलेली वायर म्हणजे गेलेली वायर.

गॅस आणि हवा

एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळाली तर तळाला साचते. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद हवा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं, जे कधीही बुजणार नाही. कप्प्यात कपडे किंवा चपला कोंबू नका. एलपीजीतलं ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. थंडीत शेगडी पेटत नसेल तर कारण बहुधा हे असतं. जोड साबणाच्या फेसाने तपासायचे, काडी पेटवून नाही. पक्क्या बसवलेल्या गॅसच्या जोडण्या परवानाधारक माणसाकडून करून किंवा तपासून घ्या. खातं माझं असूनही मी घेतल्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेपासून ऐकू येईल असा लावा. त्या वायूला रंग नाही, वास नाही. शेगडीवर गाडी गरम करायची नाही, कधीच.

ओल, लाकूड, वजन

बंद व्हॅनमध्ये दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वासातूनच अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं, आणि ते सगळ्यात थंड पत्र्यावर जाऊन बसतं. म्हणून इन्सुलेशन पत्र्याला पूर्ण चिकटलेलं हवं, मधे पोकळी नको. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम बरा. पण उंबरठ्याच्या आणि दरवाज्याच्या तळाची भोकं मोकळी. छतात एक झरोका, खाली हवा यायला एक वाट. हे दोन नसतील तर कितीही फोम लावा, गाद्या ओल्याच राहणार.

लाकडाआधी पुठ्ठा. पलंग, ओटा, कपाट, सगळं पुठ्ठ्याचं करून चिकटपट्टीने उभं करा आणि त्यात एक संध्याकाळ राहा. दोघं एकदम उठा, एकदम कपडे बदला, एक झोपलेला असताना दुसऱ्याने बाहेर जाऊन या. पलंगाची लांबी उंच माणसाच्या मापाने, ओट्याची उंची जो तिथे जास्त उभा राहणार त्याच्या कोपराच्या मापाने. आमच्यात दोघांच्या उंचीत चांगलाच फरक आहे. ओटा त्याच्या मापाने केला, म्हणून आता तिथे तोच उभा राहतो. यात माझा कावा होता असं त्याचं म्हणणं आहे.

वजन मोजत राहा. १८ मिलिमीटरच्या बर्च प्लायचा आठ बाय चारचा तक्ता साधारण ३५ किलो भरतो. ९ मिलिमीटरचा निम्मा. चौकट भक्कम असेल तर बहुतेक ठिकाणी ९ पुरतं. पाण्याचा लिटर म्हणजे किलो. पन्नास लिटरची टाकी भरली की मागे सडपातळ माणूस येऊन बसला. गाडीच्या पाटीवर कमाल वजन लिहिलेलं असतं. काम अर्धं झाल्यावर एकदा आणि सामानासकट पूर्ण झाल्यावर एकदा वजनकाट्यावर नेऊन आणा, पुढच्या आणि मागच्या चाकांचं वेगवेगळं. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या मधे ठेवा.

पडदे आता शिवा.

पहिली फेरी

लांब जाऊ नका. घरी परत आणणारं कुणीतरी येऊ शकेल एवढ्याच अंतरावर जा. पन्नासेक किलोमीटर झाले की थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा, इंजिनाखाली पुठ्ठा सरकवा आणि काय ठिबकतंय ते बघा. तेलकट आणि तपकिरी असेल तर इंजिन, वास येत असेल तर पेट्रोल. पेट्रोल असेल तर गाडी तिथेच थांबली. ब्रेकच्या चारही नळ्यांवरून कोरडं बोट फिरवा.

रात्री आत दोन वह्या ठेवा, एकच नको. ज्याला जे खटकेल ते त्याने आपापल्या वहीत लिहायचं, तेव्हा बोलायचं नाही. सकाळी गादी उचलून खालचा प्लाय हाताने चाचपा. ओला लागला तर गादीखाली फळ्यांची जाळी करायची, आणि हे काम ज्याचं खातं लाकडाचं त्याचं. आमच्यात लाकूड कुणाचं हे ठरवायचं राहूनच गेलंय.